वीस किलोचा कंगवा

माणसाने काय करावं आणि काय करू नये हे सांगायला सगळं जग टपलेलं असतं. पण ट्रक तोलायच्या काट्यावर स्वतःचं वजन करू नये, हे कुणीच कुणाला सांगत नाही. कारण तसं कुणी करेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. टनकाकांच्या आलं.

टनकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गावाबाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्यावर वजनकाटा आहे. जमिनीच्या पातळीत बसवलेला अठरा मीटर लांब लोखंडी प्लॅटफॉर्म आणि त्याच्या कडेला एक खिडकी असलेली खोली. त्या खोलीत ते एकतीस वर्षं बसले होते. ट्रक काट्यावर येऊन उभा राहायचा, काका आकडा वाचायचे, बटण दाबायचे, चिठ्ठी फाडून द्यायचे. वाळू, खडी, भंगार, कोबी, सगळ्या जगाचा हिशेब त्यांच्या लेखी टनांत. काकूंनी बाजारातून पाव किलो आलं आणायला सांगितलं तर म्हणायचे, "पाव किलो? म्हणजे काहीच नाही की. मग आणायचं कशाला?"

आता या काट्याची एक खोड सांगतो, ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच आहे. हा काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो. ऐंशी, मग एकदम शंभर, मग एकशेवीस. मधलं त्याला दिसतच नाही. नव्वदच्या वर असलात तर शंभर, नव्वदच्या आत असलात तर ऐंशी. साठ टन तोलणाऱ्याला पाच-दहा किलोंचं काय सोयरसुतक? कुणी ड्रायव्हर हुज्जत घालायला आला, की काका खिडकीतून बोट नाचवायचे, "काट्यावर दिसतं ते वजन. बाकी सगळ्या गप्पा!" एकतीस वर्षं हेच वाक्य म्हटल्यावर माणसाचा त्यावर विश्वास बसतो. काकांचाही बसला होता.

काकांना एकच मुलगी, पोस्टात नोकरीला. चार वर्षांपूर्वी तिने आणि जावयाने घर घेतलं. पाचवा मजला, लिफ्ट नाही. काकांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. "अगं, रोज स्वतःला पाच मजले उचलून न्यायचं म्हणजे काय थट्टा आहे?" लेक म्हणाली, "बाबा, खिडकीतून नदी दिसते." नदी दिसते म्हटल्यावर बाप काय बोलणार, कप्पाळ!

ती राहायला गेली त्या पहिल्याच आठवड्यात काका कुणाला न सांगता तिकडे गेले. हातात फळांची पिशवी, अंगात नवा शर्ट. लेकीला चकित करायचं होतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईतो डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. कुणाच्या तरी दारापुढे चपला ठेवायचं लाकडी कपाट होतं, त्यावर जरा टेकले. कडाड! कपाट बसलं, काका बसले आणि अकरा चपला जिनाभर उधळल्या. बारावी शेवटपर्यंत सापडली नाही. दार उघडून एक बाई बाहेर आल्या, गळ्यात माप घ्यायची टेप. काका "सॉरी, सॉरी" म्हणत, फळांची पिशवी तिथेच टाकून जे निघाले, ते थेट काट्यावरच्या खोलीत येऊन थांबले.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? ज्याच्या एका बटणावर चाळीस टनांचे ट्रक पुढे-मागे होतात, त्याला लेकीच्या दारापर्यंत स्वतःला पोचवता आलं नाही?

मग थापा सुरू झाल्या. लेक रविवारी यायची, म्हणायची, "बाबा, घरी या ना." काका म्हणायचे, आज कोबीच्या गाड्या आहेत. आज काट्याला तेल द्यायचंय. आज जिन्यात फार वारा असेल. त्यांना थाप मारता येत नसे, कान लाल व्हायचे. दोन वर्षं लेकीने विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं. रविवारी यायची, गप्पा मारायची, जेवायची, जायची. आपल्या घराचं नाव काढायची नाही. तेव्हा काकांच्या काळजात कळ उठली. बोलावणं आलं की टाळता तरी येतं, आता टाळायलाही काही उरलं नव्हतं. लेकीला वाटत असणार, बाबा अजून रुसलेत, हट्टाने घर घेतलं म्हणून. वाटू दे, असं ते मनाशी म्हणायचे.

काकू मात्र दर आठवड्याला तिकडे जाऊन यायच्या. त्यांचे गुडघे उत्तम होते आणि तोंडही. एकदा येऊन म्हणाल्या, "छान मोठं जेवायचं टेबल आहे त्यांचं. चार माणसांचं. खुर्ची मात्र एकही नाही. उभ्याउभ्या जेवतात दोघं."

काकांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी काट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "आमची लेक म्हणजे शहाणपणाचा कळस! टेबल घेतलं आणि खुर्च्याच विसरली!" डबा घेऊन आलेल्या काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर जागीच वाळला असता. "हसा," म्हणाल्या, "हसा पोटभर."

या वर्षी थंडी सरत आली, रस्त्याकडेच्या झाडांना कोवळी पानं फुटायला लागली, आणि काकूंनी बातमी आणली. लेकीची बदली झाली होती. दुसऱ्या शहरात, दिवसभराचा प्रवास. उन्हाळा कडक व्हायच्या आत घर सोडायचं. दोन महिने उरले.

काका त्या दिवशी तीन ट्रकांना चुकीच्या चिठ्ठ्या देऊन बसले. दोन महिन्यांत चढलो नाही, तर लेकीचं ते घर आपण या जन्मी बघितलंच नाही असं होणार. तिला नदी दिसायची ती कुठल्या खिडकीतून, तेसुद्धा कळणार नाही. संध्याकाळी ते तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला तिखट. त्यांनी काकांना दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं, छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "सत्त्याण्णव किलो. हृदय ठीक आहे, वापर नाही इतकंच. नव्वदच्या आत या, मग खुशाल जिने चढा. आणि एकदम काही अचाट करू नका. ऋतू बदलतोय, बरी वेळ आहे. लहान लहान सवयी लावा." त्यांनी कागदावर लिहून दिलं. सकाळी उठल्यावर ग्लासभर पाणी. चहात एक चमचा साखर कमी. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणे. रोज वीस मिनिटं चालणे.

"एवढंच?" काका म्हणाले. त्यांना निदान क्रेन लागेल असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सवयी सुरू झाल्या. काका चहात पाच चमचे साखर घेत, ती चारवर आली. पहिला घोट घेऊन म्हणाले, "हा काढा कुणासाठी?" चावण्याचं काम तर फारच अवघड निघालं. बत्तीस मोजायचे म्हणजे बोलता येत नाही, आणि काकू नेमक्या सत्ताविसाव्याला काहीतरी विचारायच्या. उत्तर दिलं की मोजणी चुकली, मोजणी चुकली की काका तोच घास पुन्हा एकपासून. एकदा एका घासावर त्यांनी अर्धा तास काढला. बाहेर सात ट्रक हॉर्न वाजवत उभे, आणि काका खिडकीत एक बोट वर करून, गाल हलवत, डोळे मिटून बसलेले. ड्रायव्हर लोकांना वाटलं, काका ध्यानाला लागले.

चालायला खोली सोडून लांब जाता येत नव्हतं. मग ते काट्यावरच फेऱ्या घालायला लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि चालता चालता बाहेरच्या मोठ्या बोर्डाकडे नजर गेली. ड्रायव्हरांना दिसावं म्हणून लावलेले, हातभर उंच लाल आकडे. त्यावर उमटलं होतं: १००.

काका थबकले. डॉक्टरीणबाई सत्त्याण्णव म्हणाल्या होत्या.

आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? की अरे, हा वीसची उडी मारणारा काटा, याला तुझे सत्त्याण्णव कसे दिसणार. काकांना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण एकतीस वर्षं जगाला सांगितलेलं वाक्य स्वतःवर आलं की मागे घ्यायचं? तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, "अरे, आत जा आणि बटण दाब."

पंक्चरवाला म्हणजे काकांचा रोजचा सोबती आणि तितकाच दीडशहाणा. आत जाऊन त्याने विचारलं, "गाडी नंबर काय टाकू?"

"स्वतः."

"मालाचा प्रकार?"

"काका."

"भरलेली की रिकामी?"

काकांनी विचार केला. नाश्ता झालेला होता. "भरलेली," म्हणाले.

रोज सकाळी अशी एक चिठ्ठी निघू लागली. शंभर. शंभर. शंभर. चाळीस दिवस शंभर. साखर पाचवरून दोनवर आली, फेऱ्या वीस मिनिटांवरून तासावर गेल्या, पँट खाली घसरायला लागली, पट्ट्याला पंक्चरवाल्याने टायरच्या सुईने दोन नवी भोकं पाडली. काकू म्हणाल्या, "अहो, बारीक झालात की!" काका चिठ्ठी पुढे करायचे. "कुठे बारीक? शंभर. काट्यावर दिसतं ते वजन."

घर सोडायला वीस दिवस उरले तेव्हा त्यांनी आशा जवळजवळ सोडली होती. आणि एके दिवशी सकाळी, फेरी मारता मारता, बोर्डावर ८० आले.

पंक्चरवाला खोलीतून ओरडत बाहेर आला. "काका! वीस किलो! एका रात्रीत वीस किलो!"

"काय केलंत काल?" काट्याशेजारी उभ्या असलेल्या खडीच्या ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. त्याचंही पोट स्टिअरिंगला घासायचं.

काकांनी आठवलं. काल वेगळं असं काहीच केलं नव्हतं. हां, फक्त जेवताना एक घास बत्तीसऐवजी तेहतीस वेळा चावला गेला होता, चुकून.

झालं! संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यावर वणवा पेटावा तशी ही बातमी पसरली. तेहतिसाव्या चावण्यात सगळं आहे. बत्तीसपर्यंत जेवण, तेहतिसावं औषध. पुढचे दोन दिवस रस्त्याकडेच्या खाणावळीत तीस-तीस ड्रायव्हर एका वेळी गंभीर चेहऱ्याने गाल हलवत बसलेले दिसायचे. कुणी कुणाशी बोलेना. खाणावळीचा मालक हवालदिल झाला. एका पंगतीला दोन तास लागायला लागले.

पण सुख फार काळ टिकत नाही म्हणतात ते खोटं नाही. तिसऱ्या दिवशी काका काट्यावर उभे होते, बोर्डावर झोकात ८०. पंक्चरवाल्याने प्रेमाने पाण्याचा ग्लास आणून दिला. काकांनी घटाघटा पाणी प्यायलं. बोर्डावर १००.

दोघांनी आधी बोर्डाकडे बघितलं, मग रिकाम्या ग्लासाकडे.

"पाणी," पंक्चरवाला पुटपुटला. "काका, एक ग्लास पाणी म्हणजे वीस किलो!"

"आणि ही बाई मला रोज सकाळी उठून पाणी प्या म्हणते!" काका संतापले. "दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, मी आता पाणीसुद्धा फुंकून पिणार!"

त्या दिवसापासून काका पाणी चमच्याने प्यायला लागले. पुढे शोध वाढत गेले. खिशातला कंगवा काढला, की ८०. ठेवला, की १००. पुन्हा काढला, ८०. म्हणजे कंगवा वीस किलोचा. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग घराच्या किल्ल्यांवर केला. किल्ल्यासुद्धा वीस किलोंच्या. चष्म्याचं घर वीस किलो, त्यात चष्मा घातला तरी वीसच. पंक्चरवाला तोंडात बोट घालून बघत होता. "काका, चाळीस वर्षं तुम्ही हे सगळं अंगावर घेऊन फिरताय. दुसरा कुणी असता तर कधीच आडवा झाला असता."

काकांना स्वतःबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. म्हणजे आपण लठ्ठ नव्हतोच. आपल्यावर लोड होता.

ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी शांतपणे त्यांना आपल्या काट्यावर उभं केलं. "नव्वदला टेकलात. शाब्बास."

"तुमचा काटा बिघडलाय," काका म्हणाले. "ऐंशी. कंगव्याशिवाय."

"माझा काटा उत्तम आहे."

"किती टनांचा आहे?"

"दीडशे किलोंचा."

"माझा साठ टनांचा आहे," काका म्हणाले. बाईंनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मालाचा प्रकार, काका. बराच वेळ रुमाल तोंडावर धरून खोकल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हे बघा, कशाही पायी उतरलं असेल, उतरलंय ना? जा आता लेकीकडे. सावकाश चढा, मजल्यागणिक दोन मिनिटं बसा. आणि पाणी प्या हो, देवासाठी!"

"बसा म्हणे. जिन्यात बसायला ते काय नाटकाचं थिएटर आहे?" काका बाहेर पडता पडता पुटपुटले. चपलांच्या कपाटाचा आवाज अजून कानात होता.

घर सोडायला दोन दिवस उरले तेव्हा ते निघाले. काकू सकाळीच सामान बांधायला लेकीकडे गेल्या होत्या. काकांनी काट्यावर उभं राहून कंगवा, किल्ल्या, चष्मा, घड्याळ, पाकीट, सगळं पंक्चरवाल्याच्या टोपलीत ठेवलं. बोर्डावर ८०. चिठ्ठी फाडून शर्टाच्या खिशात घातली. "मालाचा प्रकार काय टाकू?" पंक्चरवाल्याने विचारलं होतं. काका म्हणाले, "बाप टाक."

पंक्चरवाला हसला नाही. त्याने तेच टाकलं.

जिन्याच्या तोंडाशी काकांनी वर बघितलं. चष्म्याशिवाय पाचवा मजला धूसर दिसत होता, ते एका अर्थी बरंच झालं. पहिला मजला सहज आला. इतका सहज, की त्यांना वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाच्या पायांनी आलो. आणि वळणावर बघतात तो एक खुर्ची. चांगली सागवानी, गोल पाठीची, जेवायच्या टेबलाला असते तशी. पाठीवर कागद चिकटवलेला. काकांनी नाक लावून वाचलं: ‘बसावे. हलवू नये.’

"चमत्कारिक लोक आहेत," काका म्हणाले आणि दोन मिनिटं बसले. खुर्ची जराही कुरकुरली नाही.

दुसऱ्या मजल्यावर काका थबकले, पण ते दम लागल्यामुळे नव्हे. तेच दार होतं. चपलांचं कपाट होतं त्या जागी आता तशीच खुर्ची होती, तशीच गोल पाठ, तसाच कागद. काका चवड्यांवर सटकायला गेले, तोच दार उघडलं. गळ्यात टेप असलेल्या त्याच बाई.

"आलात?" बाई म्हणाल्या. "केवढा उशीर! बसा."

"ते कपाटाचं..." काकांचे कान लाल झाले.

"कपाट गेलं खड्ड्यात. बसा म्हणते ना. तुमचीच आहे ती."

"माझी कशी?"

"म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?" बाईंनी दाराला टेकून त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही पडलात त्या दिवशी फळांची पिशवी मी वर नेऊन दिली. तुमची मुलगी पिशवी बघूनच म्हणाली, हे बाबा. खाली धावली, तोवर तुम्ही पसार. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या नव्या टेबलाच्या चारही खुर्च्या खाली आणल्या. चार मजल्यांवर चार. म्हणाली, बाबा पुन्हा येतील, दम लागला तर बसतील कुठे?"

काका खुर्चीत बसले होते म्हणून बरं. नाहीतर पुन्हा काहीतरी मोडलं असतं.

"चार वर्षं?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं. दर शनिवारी येऊन पुसते. कुणी कपडे वाळत घातले तर भांडते. आता सगळं सामान बांधून झालं, पण खुर्च्या शेवटच्या दिवशी उचला म्हणते."

"पण ती मला... तिने बोलावणंच सोडलं होतं."

बाईंनी गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळली. "मी विचारलं होतं तिला. म्हणाली, बोलावलं की बाबांना खोटं बोलावं लागतं. कान लाल होतात त्यांचे. मला बघवत नाही."

काकांना रडू आलं. लपवायला चष्माही नव्हता. त्यांना काट्यावरच्या गप्पा आठवल्या. आमची लेक म्हणजे शहाणपणाचा कळस, टेबल घेतलं आणि खुर्च्या विसरली. किती जणांना सांगितलं होतं! दोनशे तरी ट्रक असतील. आणि काकू ऐकत होत्या. हसा म्हणाल्या, पोटभर. चार वर्षं लेक-जावई उभ्याउभ्या जेवत होते आणि हा बाप दात काढत होता. लाज वाटली त्यांना स्वतःची, आणि त्या लाजेखाली असा काही आनंद झाला, की तो कुठल्या काट्यावर ठेवावा ते त्यांना कळेना.

तिसऱ्या मजल्यावर त्यांना दम लागला नव्हता. तरी ते बसले. मुद्दाम पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, दोन मिनिटं पुरी होईपर्यंत बसले. चार वर्षं कुणी वाट बघत असेल तर तसंच पुढे जाणं बरं दिसत नाही.

चौथ्या मजल्यावरची खुर्ची मात्र त्यांनी उचलली.

कागद त्यांनी वाचला होता. हलवू नये. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच लिहिलेल्या शब्दाला त्यांनी भीक घातली नाही. सागवानी खुर्ची ती, जडच होती. वजन किती, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. छातीशी धरून, एक पायरी, दम, दुसरी पायरी, दम, असं करत ते वर गेले. घामाने शर्ट भिजला आणि खिशातल्या चिठ्ठीची शाई पसरली. दार उघडंच होतं. आत सगळीकडे खोकी, मध्ये एका गाठोड्यावर काकू बसलेल्या, भिंतीशी ते चार माणसांचं मोठं टेबल. लेक दोरी हातात घेऊन वळली आणि तशीच राहिली.

"ही कुठे ठेवू?" काकांनी विचारलं.

लेकीने टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बोट दाखवलं. काकांनी खुर्ची तिथे ठेवली आणि बसले. खाली नदी होती. चष्म्याशिवाय ती नुसतीच एक चकाकणारी पट्टी दिसत होती, तरी ते बघत राहिले.

"किल्ल्या कुठायत घराच्या?" काकूंनी पदराने डोळे पुसत विचारलं. "आणि चष्मा?"

"काट्यावर ठेवून आलोय," काका म्हणाले. "फार जड होतं गं ते सगळं."

लेकीने आतून पाण्याचा ग्लास आणला, काठोकाठ भरलेला. थोडं पाणी टेबलावर सांडलं. काकांनी ग्लास हातात घेऊन त्याच्याकडे एकदा बघितलं. वीस किलो. मग तो त्यांनी एका दमात रिकामा केला आणि तिच्यापुढे धरला.

"आणखी दे," म्हणाले.